उजरदार चंपतचा एकुलता एक होकार

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, नाही तर तुम्ही चंपतबाबाला हसत बसाल आणि खरा दोषी झेरॉक्सच्या दुकानात पंख्याखाली आरामात राहील.

तेलंगणातल्या आमच्या बोरधऱ्याच्या शाळेसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी गावाच्या मनात आलं, की आपल्याकडं बसस्टँड पाहिजे. मी अर्ज लिहिला, सह्या-अंगठे गोळा केले आणि फॉर्म भरायला बसलो. सगळं सुरळीत झालं, फक्त एका चौकोनापाशी अडलं. 'उपलब्ध सरकारी जागेचा सर्वे नंबर.' बाजूला लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मी मान वर केली. समोर शाळेच्या भिंतीवर ताज्या रंगात लिहिलेलं होतं: सर्वे नंबर ६३, दोन एकर चार गुंठे. तोच ठोकून दिला. म्हटलं, नंतर बदलू. ऑनलाइन फॉर्ममध्ये नंतर बदलता येत नाही, हे गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सांगणारा माणूस मीच.

त्या अर्जावर पहिली सही होती चंपत नगराळेची. गावाला ही बातमी बसस्टँडपेक्षा मोठी वाटली. कारण चंपत आजवर कशाच्याही बाजूनं सही करत नसे, कशाच्या तरी विरुद्धच करत असे.

गावात त्याला उजरदार म्हणतात. उजर म्हणजे हरकत. निजाम गेला, पण आमच्याकडच्या कचेऱ्यांतून त्याचे शब्द काही उठले नाहीत. चंपतचा बाप पाटलांकडं सालगडी होता. चंपत सातवी शिकला आणि ज्या शाळेत शिकला तिथंच अटेंडर, म्हणजे शिपाई, म्हणून लागला. एकतीस वर्षं त्यानं लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा बडवून बोरधऱ्याची पोरं आत-बाहेर केली. मधल्या वेळात तो हरकती घेत असे.

पहिली हरकत त्यानं स्वतःच्या लग्नात घेतली. सासऱ्यानं पत्रिकेत जावयाच्या नावापुढं हौसेनं 'बी. ए.' छापलं होतं. चंपतनं दोनशेच्या दोनशे पत्रिका घेतल्या, प्रत्येकीवर निळ्या पेनानं काट मारली आणि वर लिहिलं, 'सातवी पास'. रुक्माबाई हे आजही सांगते. "माह्या बापाची इज्जत यानं दोनशे डाव खोडली, बाई," म्हणते, आणि नवऱ्याच्या ताटात भाकर वाढते ती जरा जोरातच.

पुढं रेशनवाल्याची वजनं खरी आहेत का हे बघायला यानं स्वतःची वजनं नेली. हेडमास्तरांचं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे, असा लेखी अर्ज हेडमास्तरांनाच दिला. निरोपाच्या सभेत पाहुणे 'अखंड सेवा' म्हणाले, तर हा उभा राहून म्हणाला, "मधात अकरा दिवस मी टायफाइडनं घरी होतो."

यातली एकही हरकत कधी मंजूर झाली नाही. चंपतचं त्यावाचून अडलंही नाही. त्याला निकाल नको असायचा, त्याला पोच पाहिजे असायची. शिक्का मारलेली, तारीख टाकलेली पोच. तशा पोचांची एक पत्र्याची पेटी त्याच्या खाटेखाली आहे. रुक्माबाई ती सरकवल्याशिवाय झाडू मारू शकत नाही, आणि सरकवली की तो म्हणतो, "हळू."

मग बसस्टँडच्या अर्जावर त्यानं मुकाट सही का केली? गुडघ्यानं केली म्हणा. उजवा गुडघा सुजून असायचा, दवाखाना आदिलाबादला, आणि जायला शेअर ऑटो. ऑटोत अकरा माणसं, बारावा चंपत, ड्रायव्हरच्या कडेला अर्धं बूड टेकून आणि दुखरा पाय बाहेर रस्त्यावर लोंबकळत. अशा तीन खेपा झाल्या आणि चौथीला माझ्याकडं येऊन म्हणाला, "आन रे करण तो कागद." वाचला नाही, खिशातून चष्माही काढला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं न वाचता सही केली, आणि तीही सगळ्यांत वर.

दीड वर्ष काही झालं नाही. मग ऐन कापसाच्या दिवसांत, एका सकाळी, दोन माणसं टेप आणि चुन्याची बादली घेऊन शाळेच्या पटांगणात शिरली. कबड्डीच्या आखलेल्या मैदानातून आडवी रेघ मारायला लागली.

चंपत लंगडत पोचला. "काऊन मारता रेघ? कोनाच्या हुकमानं?"

"बसस्टँड आया है, चाचा."

"शाळेत? माहा उजर हाय. उजर लिखो हमारा."

त्यातल्या एकानं फाइल उघडली आणि कागद पुढं केला. "गाँव का अर्ज है. ये पहला दस्तखत किसका है, पढ़ो."

चंपतनं चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाचलं. निळं पेन होतं, अक्षर त्याचंच होतं. मी दुकानातून बघत होतो. मग तो फिरला आणि सरळ माझ्या काउंटरपाशी आला.

"त्रेसष्ट नंबर कोनं टाकला रे?"

मी सांगितलं. लाल चांदणीचंही सांगितलं.

"लाल चांदनी," तो म्हणाला. "दोन एकर गेली लाल चांदनीपायी." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी पटांगणात सभा भरली. विरोधाला सगळं गाव एक झालं होतं, आणि हे बोरधऱ्यात निवडणुकीलाही होत नाही. डोमाजी पाटील सगळ्यांत पुढं. त्यांचं घर शाळेला लागून. हात वर करून म्हणाले, "हे पटांगन म्हंजे गावाचा जीव हाय! इथं बस येऊ देनार नाही!" टाळ्या पडल्या. मग पाटलांनी जीव कुठं आहे ते दाखवलं. त्यांचा कापूस पटांगणाच्या पूर्वेला वाळत पडला होता. कापसात ओलावा राहिला की व्यापारी भाव पाडतो, आणि एवढी मोकळी, उन्हाची, फुकटची जागा गावात दुसरी नाही. दुसरा एक उठला, त्याच्या पोरीचं लग्न फेब्रुवारीत, मांडव कुठं टाकायचा? तिसऱ्याचा ट्रॅक्टर. कौशल्याबाईच्या मिरच्या. धूळ होईल, हॉर्न वाजतील, उपरे लोक भिंतीशी मुतायला बसतील.

रंजीता मॅडम व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या होत्या. दोन शिक्षकांच्या त्या शाळेत हेडही त्याच. त्या हळूच म्हणाल्या, "लेकरं खेळतात इथं."

"हौ, तेबी लिहा," पाटील म्हणाले. "करण, शेवटी टाक."

अर्ज मी लिहिला. या खेपेला चंपतनं तो तीनदा वाचला, आणि लेकरं शेवटच्या नंबरावरून पहिल्या नंबरावर आणली. नुसतं खेळणं नाही लिहिलं. खाली स्वतःच्या हातानं जोडलं: 'शाळेला जागा उरली नाही तर मराठी शाळा बंद होऊन मुलं बेला गावच्या तेलुगू शाळेत टाकतील, हे आम्ही ऐकून आहोत.' हे सभेत कुणी बोललं नव्हतं. ते फक्त मॅडमला आणि त्याला माहीत होतं. बाकीच्यांचा कापूस कुठंही वाळला असता. त्याची एकतीस वर्षं मात्र त्या लिंबालाच टांगलेली होती.

सुनावणीला मंडळाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, ऑफिसात चाळीस माणसं गेली. साहेब क्लार्कशी तेलुगूत बोलायचे, आमच्याशी हिंदीत. फाइल चाळून त्यांनी विचारलं, "बसस्टँड माँगने वाला पार्टी कौन?"

"मी. चंपत नगराळे."

"और उजर करने वाला?"

"मीच."

क्लार्कनं तोंडावर फाइल धरली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हारा तुमसे ही झगड़ा है?"

"हौ साब. अर्ज करने वाला चंपत बेवकूफ था. उसपे माहा उजर है."

साहेबही हसले. मग गंभीर झाले आणि फार साधा प्रश्न विचारला. "इतने लोग आए. इस स्कूल में किस-किसका बच्चा है? हाथ ऊपर."

चाळीसातले सहा हात वर आले, आणि तेही चंपतच्या वस्तीतलेच. पाटलांनी मिशी खाजवली. पाटलांचा नातू रोज सकाळी पिवळ्या व्हॅनमधून आदिलाबादच्या इंग्लिश शाळेत जातो. मांडववाल्याचे दोघे जातात, ट्रॅक्टरवाल्याचा एक. चंपतचा हात अर्धा वर आला आणि तिथंच अडकला. त्याचा नातू हर्षदीपही त्याच व्हॅनमध्ये जातो.

"हाजिरी कितनी?"

"सत्तावीस," मॅडम म्हणाल्या.

"सत्ताईस बच्चे को दो एकर?" साहेबांनी फाइल मिटली. "सोमवार को मैं आता. तीस बच्चे हाजिर रहे तो मैदान चालू लिखता. नहीं तो बस."

तीस हा आकडा कोणत्या कायद्यात आहे, हे विचारायचं चंपतच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. क्लार्कनं पोच शिक्का मारून पुढं सरकवली, तर ती घ्यायची विसरून तो बाहेर पडला. मीच आणली. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तीन लेकरं पाहिजे होती. चाळीस आंदोलकांच्या गावात ही काय मोठी गोष्ट? चंपत दारोदार हिंडला. सगळ्यांनी चहा दिला, लेकरू कुणी दिलं नाही. पाटील तर ओसरीवर बसवून म्हणाले, "चंपतभाऊ, लढ्याले जे लागंल ते मांग. ट्रॅक्टर मांग, मानसं मांग. पन पोट्ट्याचं भविष्य कसं मांगतं गा?"

"पाटील, शाळा नाही राह्यली तं तुमचा कापूस कुठं वाळंल?"

"मंग आदी तुमचा हर्षदीप टाका ना. मंग माहा टाकतो."

चंपत घरी आला. सून रश्मी भाजी निवडत होती. ती स्वतः डी. एड. झालेली. सासऱ्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुमी जलमभर उजर केले, आमी काही म्हनलं नाही. आता माहा उजर आयका. लेकरू वर्षाच्या मधात हलवायचं नसते."

"येका गावात दोन उजरदार," रुक्माबाई चुलीपासून बोलली. "आन ह्या डाव तिचाच खरा हाय."

चंपत गुडघा धरून खाटेवर बसला. मग म्हणाला, "तुह्या नवऱ्याले कोनं शिकवलं? ह्याच शाळेनं. तो क्लार्क झाला, व्हॅनमधी जाऊन नाही झाला. सून, मी तुले हुकूम नाही देऊन राह्यलो. मले दुसरं मांगता येत नाही म्हनून मांगून राह्यलो."

रश्मीनं निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. शुक्रवारी सकाळी तिनं व्हॅनवाल्याला फोन करून सांगितलं, की सोमवारपासून हर्षदीप येणार नाही. सासऱ्याला सांगितलं नाही. त्याला ते व्हॅनवाल्याकडून कळलं.

अठ्ठावीस झाले. चंपत उड्या मारत, म्हणजे गुडघ्यानं जेवढ्या मारू दिल्या तेवढ्या, पाटलांकडं गेला. पाटील शब्दाला अडकले. "आठ दिवस पाठवतो," म्हणाले. एकोणतीस झाले.

तिसाव्या लेकरासाठी गावात घर उरलं नव्हतं. तेव्हा चंपत नाला ओलांडून टाकवाडीला गेला. आमच्याकडं नाला ओलांडला की महाराष्ट्र. सोयरीक तीच, भाषा तीच, नाल्यातलं पाणीही तेच, फक्त पलीकडं सरकार वेगळं. टाकवाडीच्या शाळेलाही पटाचं दुखणं आहे. तिथले गुरुजी चंपतला जुने ओळखतात. एकदा खडू संपले तेव्हा यानं दिले होते, आणि मग त्यांनी फिरवून दिले. आमच्या बायका शेजारून वाटीभर पीठ, मूठभर मीठ आणतात आणि तेवढंच परत करतात. त्याला हातउसनं म्हणतात. चंपतनं गुरुजींकडं एक लेकरू हातउसनं मागितलं.

गुरुजी विचारात पडले. "पंदरा दिवसानं आमची तपासनी हाय, चंपतभाऊ. आमचेबी दोघं-तिघं ऊसतोडीले गेलेत."

"तवा आमचं एक पाठवतो. लेकराच्या बदल्यात लेकरू."

"नक्की?"

"पोच लिहून देऊ का?"

"पोच नोको, लेकरू पाठवा," गुरुजी म्हणाले, आणि वर्गाकडं वळून हाक मारली, "रुपा!"

सोमवारी रुपा आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, पायात भावाच्या चपला. आजीसोबत नाला ओलांडून. साहेब अकराला पोचले. लेकरं पटांगणात ओळीनं उभी केली होती. पाटलांचा कापूस मध्यरात्रीच कुठं तरी गायब झाला होता. साहेबांनी बोटानं एकेक डोकं मोजलं आणि रुपापाशी थांबले. कारण तिच्या शर्टावरचा शाळेचा बिल्ला वेगळा होता.

"घर कहाँ है?"

रुपानं हात लांब करून नाल्याकडं दाखवलं. "तिकडं."

साहेबांनी पाहिलं. तिकडं कापूस होता, बोंडं फुटलेली, अगदी आभाळापर्यंत. "खेत में?"

सगळ्या गावानं चंपतकडं पाहिलं. दोनशे पत्रिकांवर काट मारणारा माणूस. त्यानं घसा खाकरला. एवढ्या वेळात साहेबांनी आणखी दोनदा ती बोटाची दिशा पाहिली.

"हौ साब," चंपत म्हणाला. "नाले के बाजू में."

खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. सातवी पासाच्या जागी बी. ए. छापल्यासारखं वाटलं, असं तो मला नंतर म्हणाला. साहेबांनी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग बिल्ल्याकडं, मग वहीत लिहिलं: हाजिर, तीस. "उजर मंजूर," म्हणाले आणि गाडीत बसले.

गावानं गुलाल उधळला, त्यातला निम्मा पाटलांवर. चंपतची आयुष्यातली पहिली मंजूर हरकत, पण तो मिरवणुकीत नव्हता. तो रुपाच्या जेवणाचं बघत होता. शाळेच्या जेवणात सोमवार अंड्याचा दिवस. तिनं दोन खाल्ली, मग कबड्डीत हर्षदीपला तीनदा बाद केलं, आणि आजीसोबत नाल्याकडं निघून गेली.

बसस्टँड 'दुसरी जागा मिळेपर्यंत' थांबलं. दुसऱ्या दिवशी पाटलांचा कापूस पटांगणात परत आला. आठ दिवसांनी पाटलांचा नातू व्हॅनमध्ये परत गेला. फाट्यावर उन्हात उभं राहणारी माणसं आता म्हणतात, "ह्या उजरदारानं आलेलं बसस्टँड घालवलं," आणि चंपतही त्यांच्यातच उभा असतो, एक पाय उचलून.

पंधरा दिवसांनी गुरुजींचा फोन आला. "चंपतभाऊ, उद्या तपासनी. लेकरू?"

चंपत पुन्हा हिंडला. या खेपेला तर चहाही मिळाला नाही. पाटील म्हणाले, "दुसऱ्या राज्यात? पोलीस केस होईल गा!" मांडववाला म्हणाला, "आपलं काम तं झालं ना?" वस्तीतल्या आया कापूस वेचायला गेल्या होत्या, मोठ्या पोरांना घेऊन. राहिला हर्षदीप. रश्मीनं या खेपेला भाजीही हातात घेतली नाही. "येकदा हलवला, बाबा. आता नाल्यापार नाही." मी म्हटलं, गाडीवर सोडून आणतो. ती म्हणाली, "तू फॉर्म भर."

चंपतनं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच नाला ओलांडून गेला, निदान तोंडानं सांगावं म्हणून. पोचला तेव्हा मोजणी झाली होती आणि तपासणीवाले निघून गेले होते. एक कमी भरलं. गुरुजींनी पाणी विचारलं.

दाराशी रुपा उभी होती. चंपतच्या मागं पाहिलं, मग नाल्याकडं पाहिलं.

"मी आली होती," ती म्हणाली. "तुमचं कोनं येनार होतं?"

"येते माय. पुढच्या टायमाले येते."

"नाव काय तेचं?"

चंपतनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

हे झालं त्याला चार महिने झाले. टाकवाडीचं एक लेकरू बोरधऱ्याकडं अजून बाकी आहे.